शब्दचर्चा: क्रमिका, अनुक्रम, श्रेणी, श्रेढी... नक्की कुठला शब्द कशाला?

आबोली:
मी गोव्यात डिचोलीला दहावी-अकरावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. आमच्याकडची बरीचशी मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीत गेल्यावर गणिताची भाषा एका जूनमध्ये बदलून इंग्रजी होते. मग व्याख्या तोंडपाठ असते, पण ती कशाची ते ठाऊक नसतं. परवा अकरावीतल्या एका मुलीला विचारलं, सीक्वेन्स म्हणजे काय गं? तिने पुस्तकातलं वाक्य एका दमात म्हणून दाखवलं. म्हटलं, आता हेच घरी आजीला सांगशील तसं सांग. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "टीचर, एकामागून एक येणारे नंबर." मला तिला चूक म्हणता येईना आणि बरोबरही म्हणवेना.

मराठी शब्द धुंडाळायला बसले तर एकाच्या जागी पाच. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात आत क्रमिका आहे, पण धड्याचं नाव अंकगणित श्रेढी. हिंदी पुस्तकात अनुक्रम. घरातल्या एका जुन्या वहीत श्रेणी. आई म्हणते मालिका. यांतला कुठला शब्द कशासाठी? आणि कुठला शब्द वापरला तर अर्थ थोडा तरी आपसूक कळेल?

उंडो:
मालिका म्हणजे रात्री साडेआठला लागते ती. अनंत असते, एवढं मी खात्रीने सांगतो.

खाजन:
महाविद्यालयात गणित शिकवतो, म्हणून आधी वाटणी करून देतो. एकापुढे एक मांडलेली पदं (यादीतला एकेक घटक म्हणजे पद), तेवढंच असेल तर क्रमिका. त्याच पदांमध्ये अधिकची चिन्हं घालून बेरीज मांडली तर श्रेणी. आणि ज्या क्रमिकेत एका पदावरून पुढच्या पदावर जायची रीत ठरलेली असते, म्हणजे दर वेळी तेवढंच मिळवा किंवा दर वेळी तेवढ्याच पटीने वाढवा, ती श्रेढी. मालिका शब्दाला उंडोने आधीच निकालात काढलं आहे. हिंदीतला अनुक्रम म्हणजे आपली क्रमिका.

आता मुलीच्या उत्तराकडे येतो. "एकामागून एक येणारे नंबर" यात नंबर हा शब्द सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे, पदं संख्या नसली तरी चालतात. खरी गोष्ट आहे ती जागेची. गणितात क्रमिकेची व्याख्या अशी: नैसर्गिक संख्यांच्या, किंवा त्यांतल्या पहिल्या काहींच्या, संचापासून दुसऱ्या कुठल्याही संचाकडे जाणारं फलन, म्हणजे फंक्शन. भारदस्त वाटतं, पण आजीला सांगायचं तर सप्ताह घ्या. देवळात चोवीस तास भजन चालायचं, मंडळं पाळीपाळीने बसायची. पहिल्या पाळीला आमच्या वाड्यावरचं मंडळ, दुसऱ्या पाळीला बाजारातलं, तिसरीला पुन्हा आमचंच, कारण आमच्या वाड्यावर गाणारे जास्त. भिंतीवर कागद लावलेला असतो: पाळी क्रमांक आणि समोर मंडळाचं नाव. तो कागद म्हणजे क्रमिका. एकही पाळी रिकामी नाही, एका पाळीला दोन मंडळं नाहीत, पण एक मंडळ दोन पाळ्यांना आलं तर कोणाची हरकत नाही. "सप्ताहात कोणती मंडळं होती?" असं विचारलं तर उत्तर दोन नावांचं, तो संच. "कोणत्या पाळीला कोण होतं?" या प्रश्नाचं उत्तर क्रमिका.

म्हणून ५, ५, ५, ५, ... हीसुद्धा धडधाकट क्रमिका आहे. तिच्यातल्या पदांचा संच केला तर त्यात एकटा ५ उरतो.

उंडो:
पाचच्या पुढे पाच, त्याच्या पुढे पाच. यात क्रम कसला? क्रम म्हणजे लहान-मोठा लावणं ना?

खाजन:
इथेच सगळे अडखळतात. शाळेत आपण 'चढता क्रम', 'उतरता क्रम' इतक्या वेळा लिहिलेला असतो की क्रम म्हटलं की माणूस लहानमोठं लावायला घेतो. तो क्रम पदांच्या किमतीचा. क्रमिकेतला क्रम जागांचा. ३, १, ४, १, ५ यांना चढतं लावलंत तर तुम्ही वेगळीच क्रमिका तयार केलीत. वर्तमानपत्रात येते ती 'क्रमवारी' मात्र खरोखर किमतीवरून लावलेली असते.

पंचांगवाले:
श्रेढी हा शब्द कोणाला खडबडीत वाटला तरी आपल्या गणितातलं ते जुनं घराणं आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० मध्ये, श्रेढीव्यवहार असं स्वतंत्र प्रकरण आहे. पहिलं पद ते आदि किंवा मुख. दर वेळी होणारी वाढ तो चय. शेवटचं पद अन्त्यधन, मधलं मध्यधन, सगळ्यांची बेरीज सर्वधन. किती पदं आहेत त्या संख्येला गच्छ म्हणत.

एक सावधगिरी. त्याच अर्थाने, म्हणजे पदांची संख्या या अर्थाने, तिथे 'पद' हा शब्दही येतो. शेवटचं पद काढण्याची रीत 'व्येकपदघ्नचयो मुखयुक्' अशी दिली आहे: पदसंख्येतून एक वजा करा, त्याने चयाला गुणा, त्यात मुख मिळवा. आजच्या अर्थाने 'पद' घेऊन हे वाचायला गेलात तर घोटाळा होईल. शब्द तोच राहिला आणि अर्थ एक घर सरकला.

आबोली:
भटजीकाका, मुख आणि चय हे तर मुलांना फार आवडतील. 'कॉमन डिफरन्स' म्हणताना त्यांना ती वजाबाकी आहे एवढंच कळतं. चय म्हटलं की काहीतरी साठत जातंय, वाढतंय असं दिसतं. संचय, उपचय त्यातलेच.

पंचांगवाले:
वाढतंय असं दिसतं खरं, पण चय ऋणही असू शकतो. मग मुख मोठं आणि शेपूट बारीक.

वरिष्ठ लिपिक:
मी पणजीला सरकारी कचेरीत लिपिक होतो. गणिताशी संबंध तेवढाच, पण 'श्रेणी' शब्दावर माझाही हक्क आहे. आमची असते वेतनश्रेणी. पाचव्या वेतन आयोगात वरिष्ठ लिपिकाची वेतनश्रेणी होती ४०००-१००-६०००. सेवापुस्तकात अशीच लिहायची, मध्ये दोन आडव्या रेघा. वरचं वाचून मला आज कळलं की मधला आकडा म्हणजे भास्कराचार्यांचा चय. मग हिला वेतनश्रेढी म्हणायला हवं होतं का?

खाजन:
लिपिककाका, इतकं चांगलं उदाहरण मला वीस वर्षांत सुचलं नाही. तीन आकडे आणि दोन रेघा एवढ्यात अख्खी अंकगणित श्रेढी बसली आहे: मुख ४०००, चय १००, अन्त्यधन ६०००. गच्छ किती? वीस वाढी, म्हणून एकवीस पदं. मुलं इथे हमखास वीस लिहितात, 'व्येक' म्हणजे 'एक वजा' विसरतात. मध्यधन ५०००, एकवीसने गुणलं की सर्वधन १,०५,०००. हे शेवटचं उत्तर कचेरीच्या काहीच कामाचं नाही, पण श्रेणी आणि क्रमिका यांतला फरक त्यातच आहे. पगाराच्या आकड्यांची नुसती यादी ती क्रमिका, तिची बेरीज मांडलीत की गणितातली श्रेणी.

आणि हो, तुमचा शब्द बरोबर आहे, वेतनश्रेढी! पण श्रेणीला ओळ, पायरी, दर्जा असे कितीतरी अर्थ आहेत. प्रथम श्रेणीत पास झालेल्याला आपण प्रथम श्रेढीत पास झाला म्हणत नाही. वेतनश्रेणी त्या वळणाने आली.

वरिष्ठ लिपिक:
थांबा, अजून आहे. शेजारच्या टेबलावर कनिष्ठ लिपिक बसायचा, त्याची होती ३०५०-७५-३९५०-८०-४५९०. हिच्यात दोन चय आहेत. ही श्रेढी की काय?

खाजन:
ही अंकगणित श्रेढी नाही, पण क्रमिका आहेच. आबोली, मुलांना हेच उदाहरण द्या, कारण व्याख्या कुठे ताणली जाते ते इथे कळतं. ३०५० पासून ७५ च्या बारा वाढी म्हणजे तेराव्या जागेवर ३९५०. तिथून पुढे ८० च्या आठ वाढी, म्हणजे चौदाव्या जागेवर ४०३० आणि एकविसाव्या जागेवर ४५९०. सबंध क्रमिकेसाठी एकच सुटसुटीत सूत्र नाही, दोन तुकड्यांत नियम आहे. तरीही "दहाव्या वर्षी मूळ वेतन किती?" असं विचारलं तर एकच उत्तर येतं, ३७२५. जागा सांगा आणि मी पद सांगतो, ही हमी मिळाली की क्रमिकेची व्याख्या पूर्ण होते. सूत्र असणं ही वेगळी चैन आहे.

आबोली:
'जागा सांगा, मी पद सांगतो' हे मी फळ्यावर लिहिणार आहे.

आणि एक गोष्ट आत्ता भाजी चिरताना सुचली. मराठीत 'अनुक्रमे' म्हणून एक शब्द आपण रोज वापरतो. "थोरल्या आणि धाकटीला अनुक्रमे साठ आणि सत्तर गुण मिळाले." म्हणजे पहिल्याला पहिलं, दुसरीला दुसरं. दोन ओळी आहेत आणि जागेवरून जागेला जोडलंय. हेच ते फलन! मुलगी हा शब्द मराठीच्या पेपरात बिनचूक लिहिते आणि गणितात तीच कल्पना तिला परकी वाटते. त्या मानाने अनुक्रम हा शब्द क्रमिकेपेक्षा जवळचा नाही का?

पंचांगवाले:
जवळचा आहे, तेवढाच गर्दीचाही. अनुक्रमांक, अनुक्रमणिका. अनुक्रमांक हा जागेचा आकडा. मग 'अनुक्रमातलं सातवं पद' आणि 'अनुक्रमांक सात' यांत मुलांचा गोंधळ उडणार. क्रमिका शब्दाला दुसरं काही काम नाही, तो मोकळा आहे. पारिभाषिक शब्द जरा अनोळखी असलेला बरा.

उंडो:
क्रमिक पुस्तक?

पंचांगवाले:
ते विशेषण. क्रमिका नाम.

तिसवाडीकर:
आमचे बाबा लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत शिकले. १९६१ च्या आधीचं त्यांचं सगळं गणित पोर्तुगीजमधून. हा धागा त्यांना वाचून दाखवला, तर म्हणाले, आम्ही याला सुसेसांव म्हणायचो. आणि हसायला लागले. कारण गोव्यात सुसेसांव म्हटलं की घर, भाट (माडांची बाग) आणि इन्व्हेंटार (वारसांमधल्या वाटणीचा दावा) आठवतो. एकच शब्द: गणितात क्रमिका, कोर्टात वारसा.

खाजन:
हे फार सुंदर आहे. बाबांना सांगा, त्यांच्या शब्दाचा दोन्हीकडचा अर्थ एकच आहे, एकाच्या मागून त्याच्या जागी येणारा. नैसर्गिक संख्यांचे नियम इटालियन गणिती पेआनोने १८८९ मध्ये मांडले ते याच धर्तीवर. प्रत्येक संख्येला एक आणि एकच पुढची संख्या, दोन वेगळ्या संख्यांची पुढची संख्या कधी एक नाही, आणि १ ही कोणाच्याच पुढची नाही. १ म्हणजे मूळ पुरुष समजा. क्रमिकेच्या जागा याच संख्यांनी मोजतात, म्हणून तिला आरंभ असतो आणि (शेवटचं पद असलंच तर ते सोडून) प्रत्येक पदाला नेमका पुढचा शेजारी असतो. अपूर्णांकांचं तसं नाही. अर्ध्याच्या लगेच पुढचा अपूर्णांक कोणता? सांगता येत नाही, कुठल्याही दोहोंच्या मध्ये तिसरा निघतोच.

तिसवाडीकर:
एकच वारस असेल तर इन्व्हेंटार लागायचाच नाही. आमच्याकडे मुलगे-मुली सगळ्यांना वाटा, म्हणून कज्जे.

उंडो:
वारसा राहू दे. मला क्रमिका कशी ओळखायची एवढंच सांगा. स्पर्धा परीक्षेत येतं: १, २, ४, ८, १६, पुढे काय? ३२ लिहिलं की गुण मिळतात. यात व्याख्या कुठे लागली?

खाजन:
गुण मिळतील. पण उत्तर ३१ असलं तर?

एक गोल पोळी घ्या. कडेला एक खूण: पोळीचा भाग एकच. दोन खुणा, त्या जोडणारी सुरी फिरवली: भाग दोन. तीन खुणा, प्रत्येक जोडी जोडली: चार. चार खुणा: आठ. पाच खुणा: सोळा. सहा खुणा केल्या, तीन काप एकाच बिंदूतून जाणार नाहीत अशा बेताने: भाग होतात एकतीस. सात खुणांना सत्तावन्न. मोजून पाहा, मी सांगतो म्हणून मानू नका. पहिली पाच पदं दुपटीच्या क्रमिकेशी तंतोतंत जुळतात आणि सहाव्याला वाट फुटते.

सांगायचं एवढंच की पाच-सहा पदं लिहून पुढे तीन टिंबं दिली म्हणजे क्रमिका सांगून झाली असं नाही. टिंबं म्हणजे "आता तुम्हाला कळलंच असेल" असा डोळा मारणं. जागेचा क्रमांक न धरला तर न + १६(न−१)(न−२)(न−३) हे सूत्र घ्या. १, २, ३ अशी पदं येतात आणि चौथं येतं शंभर.

उंडो:
'न धरला तर' म्हणजे धरायचाच नाही?

खाजन:
हे मराठी गणिताचं जुनं दुखणं. क धरा.

आबोली:
मग व्याख्या नेमकी करायची कशी? सूत्र, नाहीतर वेतनश्रेणीसारखे तुकडे, आणखी?

खाजन:
मागच्यावरून पुढचं. पहिलं पद सांगा आणि प्रत्येक पदावरून पुढचं कसं काढायचं ते सांगा. याला आवर्ती व्याख्या म्हणतात. वाटतं तितकं हे उघड नाही. आपण ज्याची व्याख्या करतोय त्याचाच आधार घेतो, मग ही फसवणूक नाही कशावरून? अशा रीतीने खरोखर एक आणि एकच क्रमिका मिळते हे जर्मन गणिती डेडेकिंटने १८८८ मध्ये सिद्ध केलं. शाळेत हा भाग कोणी शिकवत नाही. शिकवावा असंही नाही, पण शिक्षकाला माहीत असावा.

पंचांगवाले:
मागच्यावरून पुढचं याचं आपल्याकडचं उदाहरण छंदशास्त्रात आहे. लघु एक मात्रेचा, गुरु दोन मात्रांचा. अमुक मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? ओळ लघूवर संपत असेल तर मागे एक मात्रा कमी असलेली ओळ, गुरूवर संपत असेल तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणून मागच्या दोघांची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३. विरहांकाने ही रीत सांगितली, बाराव्या शतकात हेमचंद्राने सांगितली, आणि ज्याचं नाव जगभर लागलं त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. टाळ वाजवणाऱ्या माणसाला हे बोटांवर मोजून दाखवता येतं. चार मात्रा: चार लघु, एक गुरु आणि दोन लघु, तीन तऱ्हांनी, दोन गुरु. एकूण पाच.

तिसवाडीकर:
आणि जिथे सूत्रही नाही आणि मागच्यावरून झटकन पुढचंही काढता येत नाही? मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११.

खाजन:
तीही क्रमिका. नियम शब्दांत आहे: मागच्या पदाहून मोठी असलेली सगळ्यात लहान मूळ संख्या. शोधायला कष्ट पडतील, पण हजाराव्या जागेवर कोण बसलं आहे याबद्दल शंका नाही. मूळ संख्यांचं कधी संपणं नाही हे युक्लिडपासून माहीत आहे, म्हणून कुठलीही जागा रिकामी राहायची भीती नाही. ती भीती असती तर व्याख्याच लंगडी पडली असती.

तिसवाडीकर:
याच मूळ संख्यांनी आपल्या दामोदर कोसंबींना शेवटच्या वर्षांत झपाटलं होतं. जन्म गोव्यातल्या कोसबेंचा, १९०७ चा. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पण पोटापाण्याचा धंदा गणिताचा. मूळ संख्यांवरचं काही लेखन त्यांनी एस. दुक्रे या टोपणनावाने केलं. पेडण्याच्या शाळेतल्या मुलांना विचारलं तर कोसंबी म्हणजे पणजीत भरणारा विचारमहोत्सव एवढंच सांगतील.

आबोली:
तर माझी वही अशी झाली: क्रमिका, पद, मुख, चय, श्रेढी, आणि बेरजेला श्रेणी. 'अनुक्रमे'चं उदाहरण सुरुवातीला, वेतनश्रेणी मध्ये, पोळी शेवटी. पोळीच्या ऐवजी कागद घेईन, नाहीतर घरचे ओरडतील. एकच शंका उरली. कागदावर जागा १ पासून मोजायच्या की ० पासून? एका पुस्तकात एक, दुसऱ्यात दुसरं.

खाजन:
दोन्ही चालतं, फक्त सुरुवातीला सांगून टाका आणि मग फिरवू नका. गोव्यातल्या इमारतीत तळमजला शून्य धरतात, म्हणून तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस खरं तर चौथ्या पातळीवर राहतो. भांडण होत नाही, कारण सगळ्यांना पद्धत माहीत आहे. वाढ मोजायची असेल तर शून्यापासून सोयीचं पडतं, तिथे 'व्येक' करायला लागत नाही.

वरिष्ठ लिपिक:
माझीही एक शंका. कोष्टकातलं शेवटचं घर ६०००. त्यानंतर क्रमिका संपली म्हणायचं, की पुढे ६०००, ६०००, ६००० अशी चालूच आहे म्हणायचं?

खाजन:
दोन्ही म्हणता येतं, पण त्या दोन वेगळ्या क्रमिका आहेत. पहिली सांत, तिच्या जागा एकवीस. दुसरी अनंत, एकविसाव्या जागेपासून पुढे स्थिर. जागा किती हेही व्याख्येतच येतं. तुम्ही कुठली भोगलीत?

वरिष्ठ लिपिक:
एकही नाही. १९९६ ला ४००० वर लागलो, दहाव्या पदावर ४९०० होते. मग १ जानेवारी २००६ पासून सहावा आयोग लागू झाला आणि कोष्टकच बदललं.